भिंतीवरचे डाग

१४ जानेवारीच्या रात्री तीनच्या सुमाराला आई पॅसेजमध्ये पडली. मला कळलं १७ तारखेला, तेही तिच्या दंडावरचा काळानिळा डाग दिसला म्हणून. "दाराला आपटला," म्हणाली. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि बाबा गप्प बसले की काहीतरी दडवलेलं असतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. बाथरूमच्या दाराशी असलेल्या पायपुसण्यात पाय अडकला. हाड मोडलं नाही, पण तिला उठता येईना. बाबा रात्री कानातलं यंत्र काढून झोपतात, त्यामुळे तिच्या हाका त्यांना ऐकूच गेल्या नाहीत. थंड फरशीवर ती चाळीसेक मिनिटं पडून होती. शेवटी बाबाच बाथरूमला जायला उठले तेव्हा त्यांना ती दिसली.

आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. बाबा ८२ चे, उंच, डाव्या हाताची पकड कमजोर. दोघांनाही याच घरात राहायचंय, आणि यावर चर्चा नाही. पुढचे पाच महिने आम्ही काय काय केलं, कुठे चुकलो आणि कुठे नुसतंच ताटकळलो ते इथे लिहून ठेवतेय. सुरुवातीला मी अगदी भांबावून गेले होते. असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान पहिल्या आठवड्यातला मूर्खपणा तरी टळला असता.

तो मूर्खपणा आधी सांगते. त्याच रात्री मी मोबाइलवर दिसेल ते मागवलं: भिंतीला चिकटणारे व्हॅक्यूमचे दांडे, दहा सेंटिमीटर उंचीची कमोडची वाढीव बैठक, आंघोळीचं स्टूल, रबरी मॅट. भाऊ परगावाहून व्हिडिओ पाठवत होता, मी ऑर्डर देत होते. व्हॅक्यूमचा दांडा टाइल्सवर झकास बसला. मी धरून अंग मागे टाकलं आणि दांड्यासकट मागच्या बादलीवर आदळले. वाढीव बैठकीवर आईला बसवलं तर तिचे पाय शाळेच्या बाकावर बसलेल्या पोरीसारखे लोंबकळायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "घराचं हॉस्पिटल करू नकोस." निम्म्या वस्तू परत केल्या. उरलेल्या अजून माळ्यावर आहेत.

२२ जानेवारीला दोघांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. माझ्या डोक्यात घर होतं, त्यांनी सुरुवात गोळ्यांपासून केली. आईचं ब्लडप्रेशर आधी झोपवून घेतलं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २६ ने उतरला होता. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते धोक्याचं लक्षण मानतात, आणि रात्री झोपेतून उठून तडक चालायला लागलं की भोवळ यायचं ते एक कारण असतं. रात्रीची एक गोळी त्यांनी बदलली. (हे डॉक्टरांनीच करायचं, आपल्या मनाने नाही.) डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव सुचवलं. हे लोक घरी येऊन, माणूस रोजची कामं कशी करतो ते बघून बदल सुचवतात. कंत्राटदाराला बोलवायच्या आधी यांना बोलवा, हे मला अनुभवातून शिकावं लागलं.

त्यांची तारीख मिळाली १६ फेब्रुवारीची, म्हणजे २५ दिवसांनी. मी वैतागले, पण फोनवर त्या म्हणाल्या, "तोपर्यंत एक वही करा. कोण कुठे अडखळतं, कुठे हात टेकतं, रात्री किती वेळा उठतं, एवढंच लिहा." वही बाबांनी ताब्यात घेतली. जन्मभर हिशेबाच्या कामात गेलेला माणूस. रकाने आखले, वेळ टाकली. आईला पाळतीचा संताप यायचा, पण तीन आठवड्यांत हे स्पष्ट झालं की ती रात्री सरासरी तीनदा उठते आणि पलंग ते कमोड या अंतरात पाच ठिकाणी कशाला ना कशाला धरते.

थेरपिस्टबाई आल्या आणि आधी बाथरूममध्ये गेल्याच नाहीत. पॅसेजच्या भिंतीजवळ वाकून टॉर्चच्या उजेडात बघत राहिल्या. कमरेच्या जरा वर, दाराच्या चौकटीपासून दीड हातावर, रंगावर तळहाताएवढा मळकट डाग. पुढे स्विचबोर्डाखाली दुसरा. चौकटीच्या कडेला रंग घासून खालचं लाकूड दिसत होतं. बाथरूममध्ये टॉवेलचा रॉड एका बाजूने लोंबत होता, ज्याचे स्क्रू मी स्वतः दोनदा आवळले होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की टॉवेलच्या वजनाने रॉड ढिला होतोच कसा. "काकू कुठे आधार शोधतात ते भिंतीनेच लिहून ठेवलंय," बाई म्हणाल्या. या भिंतीला रंग द्यायचं मी वर्षभर मनात घोळवत होते.

मग दोघांची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आईला १९ लागले, बाबांना १४. आईचा चेहरा उतरला. त्यावर बाईंनी तिला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पासष्टीपुढच्या दर शंभरांत २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात, आणि बरेच जण ते कुणाला सांगत नाहीत. "म्हणजे मी एकटीच नाही," आई म्हणाली. तिचं पडणं आमच्या घरात मोकळेपणी बोललं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझा धसका मात्र त्यांनी दुसऱ्या आकड्याने कमी केला: घरातले धोके काढून टाकण्याच्या प्रयोगांचा २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात पडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं आणि आधीच जास्त धोका असलेल्या लोकांमध्ये ३८ टक्क्यांनी.

मोजमापं घेतली ती घराची कमी आणि माणसांची जास्त. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंत आई ३८ सेंटिमीटर, बाबा ४६. दोघांना कमोड एकच. प्रमाण म्हणून बैठकीची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर सांगतात. आईचे पाय टेकले नाहीत तर तिला उठताना जोर देता येणार नाही, म्हणून त्यातली सगळ्यात कमी, ४३ ठरली आणि बाबांची उरलेली कसर दांड्यांनी भरून काढायची असं ठरलं. दांड्यांचंही तेच. पुस्तकात उंची ८४ ते ९१ सेंटिमीटर असते, पण बाईंनी दोघांना बसवून-उठवून, हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. आईची खूण आणि बाबांची खूण यांत वीतभर फरक. उपाय निघाला तो इंग्रजी एल आकाराच्या दांड्याचा: आडव्या भागावर दाब देऊन उठायचं, उभ्या भागाला ज्याने त्याने आपापल्या उंचीवर धरायचं.

अहवाल आठ दिवसांनी आला. २३ मुद्दे, तीन गटांत: या आठवड्यात, तीन महिन्यांत, जमेल तेव्हा. पहिल्या गटातल्या जवळपास सगळ्या गोष्टी फुकट होत्या याची मला थोडी लाजच वाटली. पायपुसणी आणि गालिचे उचलले. (एक आईने स्वतः विणलेला होता. त्यावरून दोन दिवस अबोला. शेवटी तो भिंतीवर टांगला.) टीव्हीच्या वायरी भिंतीकडेने नेल्या. रोजची भांडी आणि कपडे कंबर ते खांदा या टप्प्यात आणले, म्हणजे स्टुलावर चढायला निमित्तच नको. सैल सपाता गेल्या, मागे पट्टा असलेल्या आल्या. पलंगापासून कमोडपर्यंत घोट्याच्या उंचीवर हालचालीने लागणारे चार छोटे दिवे लावले. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मला लख्ख वाटणारा पॅसेज आईला कायम संधिप्रकाशातला होता. दिवे लावताना बल्ब थेट डोळ्यांवर येणार नाही एवढं मात्र बघा, मोतीबिंदूवाल्याला झगमगाट अंधाराइतकाच त्रासदायक.

फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं ते याच सुमाराला. पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम होतेच, पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो पडल्यावर उठायचा सराव: आधी कुशीवर वळायचं, कोपरावर रेटून गुडघ्या-हातांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, बैठकीवर हात ठेवून एक पाऊल पुढे रोवायचं आणि मग उठायचं. कुठे दुखत असेल तर मात्र हलायचं नाही, मदत बोलवायची. पहिल्या दिवशी आई मॅटवर रडली. पाचव्या वेळेला एकटी उठली आणि बाबांकडे ज्या नजरेने बघितलं ते सांगून समजणार नाही.

आता पैशांचा आणि कागदांचा भाग. बाथरूमसाठी तीन कोटेशन घेतली. सर्वांत महागडं सर्वांत स्वस्ताच्या अडीचपट होतं, कारण त्या गृहस्थांना सगळं उकरून नवं करायचं होतं. मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: "ही भिंत आतून कशाची आहे?" दोघे म्हणाले, बघू ना काम करताना. तिसऱ्याने ठोकून बघितलं आणि सांगितलं की कमोडच्या बाजूची भिंत पोकळ विटांची आहे, साधे प्लग टिकणार नाहीत, आतून पट्टी टाकून वरून टाइल बसवावी लागेल. काम त्याला दिलं. अमेरिकी मानकानुसार दांड्याने सुमारे ११३ किलोचा भार सोसला पाहिजे. घसरणारा माणूस हळूच टेकत नाही, सगळं वजन झटक्याने टाकतो. त्याच मानकात गोल दांड्याची जाडी ३२ ते ५१ मिलिमीटर आहे. आईच्या सुजलेल्या बोटांना ३२ चा बसला. भिंत आणि दांडा यांत ३८ मिलिमीटर फट: बोटं मावतात, पण हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकत नाही.

२३ मार्चला काम सुरू झालं. सहा दिवस सांगितले होते, अठरा लागले. बाथरूम एकच, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं! पहिल्या संध्याकाळी धावपळ करून चाकांची कमोड-खुर्ची भाड्याने आणली. आईने ते अठरा दिवस कसे काढले याबद्दल ती अजून बोलत नाही. दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर मी दोघांना तेवढे दिवस भावाकडे पाठवीन.

उंबरा काढला, दार बाहेर उघडणारं केलं. आधी ते आत उघडायचं, म्हणजे आई दारामागे पडली असती तर आम्हाला ढकलताही आलं नसतं. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येणारी बसवली. घोळ झाला तो उतारात. उंबरा गेल्यावर पाणी अडवणारा फक्त उतार उरतो, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, जाळीकडे. गवंड्याने तो दाराच्या जवळच्या दीड फुटात नेमका उलटा दिला. पहिल्या आंघोळीला पाणी पॅसेजमध्ये, म्हणजे आई पडली होती बरोबर तिथेच. फरशी पुन्हा उकरली, पाच दिवस गेले. शेवटचा हप्ता देण्याआधी दोन बादल्या ओतून दहा मिनिटं वाट बघायची, हे आता मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगते. दुसरी चूक माझीच: पांढऱ्या टाइल्सवर मी हौसेने पांढरे दांडे घेतले. आईने हात पुढे केला तो दांड्याच्या शेजारी, कोऱ्या भिंतीवर. गडद निळे आणून बदलले.

गिझरचं तापमान कमी करायला गेले तर प्लंबरने थांबवलं. साठवलेलं पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवलेलं बरं, नाहीतर त्यात लीजिओनेला नावाचे जीवाणू वाढू शकतात. पण ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, आणि म्हाताऱ्या हाताला चटका उशिरा कळतो. म्हणून टाकी गरमच ठेवून नळाच्या आधी मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवला. आता नळातून ४९ अंशांच्या वर पाणी येत नाही.

काम निम्म्यावर असताना शेजारच्यांनी सांगितलं की ज्येष्ठांच्या घरात असे बदल करायला मदत देणारी एक योजना आहे. कार्यालयात गेले. अर्ज, वयाचा दाखला, थेरपिस्टचा अहवाल, कोटेशन, सगळं माझ्या फाइलमध्ये होतं. खिडकीवरच्या बाईंनी एकच विचारलं, "काम सुरू झालंय का?" झालं होतं. मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला मदत नाही. त्यांनी फाइल परत सरकवली, वाईट त्यांनाही वाटलं असावं. अशी काही सोय तुमच्याकडे असेल तर हातोडा पडायच्या आधी चौकशी करा, आणि कामाआधीचे फोटो काढून ठेवा.

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. बाबांना चाकाची खुर्ची आज लागत नाही, पण रॅम्पचा अर्ज मी २० फेब्रुवारीलाच समितीला दिला होता. ६ मार्चला परत आला: नकाशा जोडलेला नाही. नकाशा काढताना हिशेब कळला. उतार १ ला १२, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी. आमच्याकडे सरळ जागा साडेतीनच मीटर. मध्ये दीड मीटरचा सपाट चौथरा घेऊन रॅम्प वळवावा लागला. १० एप्रिलच्या बैठकीला कोरम भरला नाही. १५ मेच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "आज यांनी मागितलं, उद्या सगळेच मागतील." बाबा मागून म्हणाले, "मागू देत की. वापरणारही सगळेच." मंजुरी मिळाली, खर्चाचा थोडा भाग आमच्याकडे आला. काम ७ जूनला संपलं. ८ तारखेला रॅम्पवरून पहिली गाडी गेली ती तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाची.

आकडे सांगून उपयोग नाही, जागोजागी वेगळे. पण बाबांनी वहीच्या शेवटच्या पानावर एकूण खर्चाचे शंभर भाग केलेत: बाथरूम ६१ (त्यात माझ्या आणि गवंड्याच्या चुका धरून), रॅम्पमधला वाटा १०, दांडे ९, पॅसेज आणि जिन्याचे कठडे ६, पलंग आणि खुर्चीची उंची वाढवणं ५, दिवे ४, थेरपिस्ट ३, भाड्याची कमोड-खुर्ची २. रात्रीचं चालणं ज्याने खरोखर बदललं, ते म्हणजे दिवे, पॅसेजचा कठडा आणि थेरपिस्टबाईंची ती एक फेरी. तिन्ही मिळून तेरा भागही होत नाहीत.

सगळंच काही जमलं नाही. मदतीसाठी दाबायचं बटण गळ्यात घालायला आणलं, आईने ते खिळ्याला अडकवलं. "तिथे असतं म्हणजे सापडतं," हा तिचा युक्तिवाद. मनगटावरचं, पाण्यात चालणारं आणल्यावर घालायला लागली, पण पहिल्या महिन्यात अकरा वेळा चुकून दाबलं गेलं आणि प्रत्येक वेळी माझ्या काळजात धस्स झालं. बाबा रात्री कानातलं यंत्र घालायला अजूनही तयार नाहीत. त्यांच्या उशीखाली थरथरणारी चकती ठेवलीय, आईने बटण दाबलं की ती हलते. ऑगस्टमध्ये पुन्हा चाचणी झाली. आई १४ सेकंद, बाबा १३. बारापर्यंत अजून पोचलो नाही.

सप्टेंबरमध्ये पॅसेजला रंग दिला. कठड्यामागचे ते डाग रंगाखाली जाताना मी मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. आईला वाटलं मला वेड लागलंय.

परवा स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. फ्रिज आणि दार यांच्या मधल्या पट्टीवर, कमरेच्या जरा वर, काहीतरी दिसलं. ओलं फडकं घेऊन पुसायला गेले आणि हात थांबला. आधी पेन्सिलीने भोवती गोल केला, मग दांडे बसवणाऱ्याला फोन लावला.